आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, तुमच्या गांवाचें कल्याण करावयास निघालेल्या शहाण्यांचा तुटवडा कधींच नव्हता. तुटवडा आहे तो एका प्रश्नाचा: "बाबांनो, तुम्हांस काय पाहिजे?" हें न विचारतांच नकाशे निघतात, अंदाजपत्रकें मंजूर होतात, हारतुरे पडतात, आणि गांवची तहान जिथल्या तिथें!

सांगली जिल्ह्यांतील खानापूर तालुक्याचीच हकीगत घ्या. १९८० नंतरच्या दुष्काळांत सरकारनें रोजगार हमीवर लोकांस खडी फोडावयास बसविलें. १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपामुळें गांवीं परतलेले कामगारही तेथें होते. पोटास आधार झाला, हें कोण नाकारील? पण दगड फोडून दुष्काळ फुटतो काय? हा सवाल त्या मजुरांनींच केला. आम्हांस दुष्काळ हटविणारें काम द्या, अशी मागणी त्यांनीं मुक्तिसंघर्ष चळवळींतून लावून धरली.

दुखण्याचें मूळही त्यांनींच ओळखलें. येरळा नदीची वाळू ठेकेदार लिलावानें उपसून नेत होते. वाळू गेली कीं पाणी धरून ठेवणारें पात्र उघडें पडतें व कांठच्या विहिरी आटतात. तेव्हां बलवडी व तांदुळवाडीच्या लोकांनीं ठरविलें कीं, थोडी वाळू आपणच विकावी आणि त्या पैशांतून नदीवर धरण बांधावें. १९८६ सालीं काम सुरू झालें. नांव ठेविलें बळिराजा! नियमही त्यांचेच: पाण्यांत भूमिहीनांसही वांटा, आणि सारें पाणी गिळणाऱ्या उसास मज्जाव. ज्यास जमीन नाहीं, त्यानें दुसऱ्याचें रान वांट्यानें करून आपलें पाणी पिकवावें.

कोणी म्हणेल, कुणब्यास धरणांतलें काय कळतें? भिंत कशी उभी राहावी हें इंजिनियरास कळतें; के. आर. दाते यांच्यासारख्या जाणत्या इंजिनियरानें येथें साह्यही केलें. पण भिंत कोठें व कोणासाठीं, हें ज्याची विहीर आटली त्यासच ठाऊक! ताली-बंधारे घालून पाणी जिरवा, असें जोतीरावांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' ग्रंथांत सांगितलें, तें शेतकऱ्याचें दुखणें जाणूनच.

आतां आपल्या घरांतही पाहूं. पाटील व चार बागाईतदार यांस विचारलें म्हणजे गांवास विचारलें, असें होत नाहीं. घागर वाहणारी बाई, भूमिहीन मजूर, कुंभार, लोहार यांची गरज कागदावर आली काय? नसेल, तर तो कागद गांवाचा नव्हे.

म्हणून पुढच्या ग्रामसभेंत खर्चाचा आंकडा ऐकण्याआधीं गरजांची यादी मागा. ती तुमच्या तोंडून लिहिली नसेल, तर तेथेंच उभे राहून लिहवून घ्या. मुकाट्यानें अंगठा उठविणाऱ्याच्या शिवारांत पाणी आपण होऊन येत नाहीं!