त्यास ‘विषाणू’ म्हणू नये

संगणकास ‘व्हायरस लागला’ असे आपण सहज म्हणून जातो. जणू पावसाळ्यात पडसे झाले. घरच्या यंत्रापुरते ते चालून जाईल. परंतु एखाद्या राष्ट्राचा कारभार मोडण्यासाठी मुद्दाम आज्ञावली रचली जाते, तेव्हाही आपली वृत्तपत्रे ‘विषाणू’, ‘लागण’, ‘साथ’ हेच शब्द योजतात, यास आमचा आक्षेप आहे. साथीला कर्ता नसतो. येथे असतो.

२७ जून २०१७ चा दिवस पाहा. दुसऱ्या दिवशी युक्रेनमध्ये संविधान दिनाची सुटी होती. तेथील असंख्य कचेऱ्या करभरणीसाठी ‘एम.ई.डॉक’ ही हिशेबाची प्रणाली वापरीत. हल्लेखोर तिच्या निर्मात्यांच्याच यंत्रणेत शिरले आणि नेहमीच्या सुधारणेच्या मिषाने ‘नॉटपेट्या’ कचेरी-कचेरीत पोहोचविते झाले. बँका, टपाल, सरकारी खाती कोलमडली. चेर्नोबिल येथे किरणोत्सार माणसांना हातांतील उपकरणांनी मोजावा लागला. पडद्यावर मागणी मात्र तीनशे डॉलर खंडणीची! ही खंडणीच मुळी थाप होती. पैसे भरले तरी माहिती परत मिळण्याची सोयच त्या आज्ञावलीत नव्हती. तरीही ‘खंडणीखोर व्हायरस’ हे नाव रूढ झाले. हल्लेखोराने चढविलेला मुखवटा आपण इमानाने मिरविला.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन व अमेरिका यांनी रशियन लष्करास उघड दोषी ठरविले. २०२० मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. रशिया ते नाकारतो. ‘आपल्याला त्याचे काय?’ असे विचारणाऱ्यांनी एवढे आठवावे, की त्याच आठवड्यात न्हावा-शेवा येथील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले होते.

कोणी यास शब्दच्छल म्हणेल. मग ‘मर्क’ या अमेरिकन औषध कंपनीचा खटला पाहावा. तिने सुमारे १४० कोटी डॉलरांचे नुकसान सांगितले; ‘हे युद्धकृत्य’ म्हणून विमेदारांनी हात वर केले. पॉलिसीतील ते शब्द लष्करी कारवाईपुरते आहेत, असे म्हणून न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये विमेदारांचे म्हणणे फेटाळले. एका शब्दाचे मोल विमेदारांना कळते. मुलखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या शब्द जपणाऱ्या आपल्या मंडळींना कळू नये?

निदान या पत्रिकेने तरी यापुढे ‘विध्वंसक आज्ञावली’ असे लिहावे. ‘संगणक बाधित झाले’ असे न लिहिता ‘हल्लेखोरांनी संगणक पुसले’ असे लिहावे. आणि ते कोण, हे ठाऊक नसेल, तर ‘अज्ञात’ हा शब्द त्यांच्यामागे जोडावा.