ट्रायक्लोरोला पर्याय आहे

मा. संपादक,


विमानाचे सुटे भाग ट्रायक्लोरोएथिलीनशिवाय स्वच्छ होतच नाहीत, हे आपल्या लेखकाचे विधान चूक आहे. सीएफसी-११३ या द्रावकाबद्दलही हेच सांगितले जात होते. माँट्रियल करारानुसार तो गेला, विमाने थांबली नाहीत.

‘वास सौम्य, धोका कमी’ हे तर घातक लिखाण. ट्रायक्लोरोची वाफ हवेच्या साडेचारपट जड. ती टाकीच्या खड्ड्यात साचते आणि वाकून काम करणाऱ्याच्या नाकाशी राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच त्याला निश्चित कर्करोगकारक ठरवले आहे. लेखक सुचवतात ते प्रोपिल ब्रोमाइड मज्जातंतूंवर घाला घालते. म्हणजे आगीतून फुफाट्यात!

गरम अल्कधर्मी द्रावण, अल्ट्रासॉनिक टाकी, क्षारमुक्त पाण्याची धुलाई आणि नीट वाळवण, एवढ्याने बहुतेक भागांचे काम भागते. पृष्ठभागावर पाण्याचा पापुद्रा सलग टिकला तर भाग स्वच्छ; फाटून थेंब झाले तर तेल उरले. लांब, बारीक नळ्यांना ही रीत अवघड जाते, इतकेच खरे.

लेखकाने नव्या टाकीची किंमत मांडली, वापरलेल्या द्रावकाच्या विल्हेवाटीची नाही. धाटावच्या रासायनिक वसाहतीजवळ, कुंडलिकेकाठी राहणाऱ्या आम्हाला तो आकडा हवा आहे. पुढच्या अंकात छापावा.

आपला,
एक निवृत्त कारागीर,
अष्टमी, ता. रोहा