पाळणा आणि प्रतिनिधिगृह

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहातील कोलोरॅडोच्या डेमोक्रॅट सदस्या ब्रिटनी पीटरसन चार आठवड्यांचे मूल छातीशी धरून मतदानास आल्या. मागणी साधी होती : नव्या मातापित्यांना बारा आठवडे सहकाऱ्यामार्फत मत नोंदविता यावे. रिपब्लिकन सदस्या ॲना पॉलिना लूना यांनी त्यासाठी २१८ सह्या, म्हणजे सभागृहाचे बहुमत, मिळविले. सभापती माइक जॉन्सन यांनी मागणी घटनाविरोधी ठरविली. ती दडपू पाहणारा नियम १ एप्रिल रोजी २०६ विरुद्ध २२२ मतांनी फेटाळला गेला. नऊ रिपब्लिकनही सभापतींच्या विरोधात गेले. तेव्हा सभापतींनी आठवड्याचे कामकाजच गुंडाळले आणि पुढे लूना यांच्याशी ‘जोडी’ची तडजोड केली : अनुपस्थित सदस्याच्या विरुद्ध मताचा एक सदस्य तटस्थ राहील. म्हणजे मातेचे मत मोजले जाणार नाहीच!

कुटुंबसंस्थेची स्तोत्रे गाणाऱ्या पक्षाच्या नेतृत्वाला पाळण्याची अडचण व्हावी, हे ढोंग नव्हे काय? प्रतिनिधींनी समोरासमोर वाद करावा, यात तथ्य आहे. परंतु प्रसूती ही चुकवेगिरी नव्हे. ‘जोडी’चा भरवसा किती, हे ब्रिटनने दाखविले आहे. जुलै २०१८ मध्ये बाळंतीण जो स्विन्सन यांच्याशी ठरलेली जोडी सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षांनीच मोडली. जानेवारी २०१९ मध्ये ट्यूलिप सिद्दिक शस्त्रक्रिया पुढे ढकलून चाकाच्या खुर्चीतून मतदानास आल्या, तेव्हा कॉमन्स सभागृहास जाग आली आणि त्याच महिन्यात सहकाऱ्यामार्फत मतदान सुरू झाले. त्याने संसद कोसळली नाही.

मात्र समाजवाद्यांनी येथेच थांबणे योग्य नव्हे. गैरहजर लोकप्रतिनिधीचे मत बुडते, वेतन बुडत नाही. दुकानात राबणाऱ्या मातेचे वेतनच बुडते. अमेरिकेतील १९९३ चा कायदा बारा आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी. पन्नासांहून कमी नोकर असलेल्या खासगी मालकांना तो लागूच नाही. उद्याचा श्रमिक घडविण्याचा खर्च मातेच्या पदरी आणि त्याच्या श्रमाचा नफा मालकाच्या, हा भांडवलशाहीचा जुनाच हिशेब होय. भारतात २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली; ऊसतोड मजूर स्त्रीच्या खोपीपर्यंत ती पोहोचली नाही.

म्हणून त्या प्रतिनिधींच्या मागणीस पाठिंबा द्यावाच. पण सोबत विचारावे : स्वतःसाठी मागितलेले बारा आठवडे, तेही पगारी, प्रत्येक कामकरी मातेस मिळावेत म्हणून सभागृह कधी अडविणार? हक्क सभागृहाच्या दाराशीच थांबला, तर तो हक्क उरत नाही. ती केवळ सवलत ठरते.