खात्यावर नाव मुलाचं, पण पैसे कोणाचे? नातेवाईकाने परस्पर खर्च केला तर कायदा काय सांगतो

आई-वडिलांचं वय झालं की बँकेची कामं मुलांकडे येतात. एटीएम कार्ड मुलाकडे, यूपीआय सुनेच्या मोबाइलवर, जॉइंट खात्यात पुतण्याचं नाव. सोय म्हणून यात गैर काही नाही. पण पेन्शन किंवा एफडीचे पैसे परस्पर खर्च झाले आणि विचारणा केली, तर उत्तर येतं, "खात्यावर माझंही नाव आहे." हे उत्तर कायद्यात टिकतं का?

नाव म्हणजे मालकी?

नाही. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांचं 2013 मध्ये निधन झालं. त्यांच्या एफडी आणि म्युच्युअल फंडांना नॉमिनी होते. नॉमिनीच मालक ठरतो का, यावर कुटुंबात दिवाणी वाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने 'नाही' म्हटलं आणि 14 डिसेंबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. नॉमिनी रक्कम स्वीकारतो. ती कोणाची, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो.

मुखत्यारपत्र घेणाऱ्यालाही हिशेब द्यावा लागतो. जॉइंट खात्यात पैसे कोणी आणि कशासाठी भरले, हे पाहिलं जातं.

पैसे कसे दिले होते?

कोणता मार्ग घ्यायचा, हे यावर ठरतं.

- सांभाळायला दिले आणि त्याने स्वतःसाठी वापरले: भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. शिक्षा 5 वर्षांपर्यंत. प्रकार 1 जुलै 2024 पूर्वीचा असेल तर जुनं भादंवि कलम 406 लागतं.
- उसने दिले: वसुलीचा दिवाणी दावा. मुदत साधारण 3 वर्षं.
- सांभाळ करण्याच्या अटीवर दिले: देणारी व्यक्ती 60 वर्षांवरची असेल तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 वापरता येतं. या कायद्यात 'मालमत्ता' म्हणजे फक्त घर-जमीन नाही, जंगम मालमत्ताही येते. मात्र अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा, असंही म्हटलं.
- बिनशर्त बक्षीस दिले: परत मिळवणं फार अवघड.

नवी मुंबईत कुठे जायचं?

कलम 23 चा किंवा निर्वाह खर्चाचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जातो. इथे गोंधळ होतो, कारण शहर दोन जिल्ह्यांत आहे. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात; खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात, म्हणजे पनवेलच्या प्रांताकडे. पोलिस मात्र दोन्हीकडे नवी मुंबई आयुक्तालयाचेच. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे 14567.

पोलिस ठाण्यात "हा घरगुती मामला आहे" असं ऐकावं लागलं, तर लेखी तक्रार पोलिस उपायुक्तांकडे पाठवता येते. तिथेही दखल घेतली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

पण त्याआधी

पोटच्या मुलाविरुद्ध तक्रार करायला अनेकांचं मन धजावत नाही. ते समजण्यासारखं आहे. पण पुढचं नुकसान थांबवायला तक्रार लागत नाही. पिन बदला, यूपीआय बंद करा, खात्याचं स्टेटमेंट काढून ठेवा, मुखत्यारपत्र लेखी रद्द करून बँकेला कळवा. जॉइंट खात्यावर एकाने लेखी हरकत घेतली, की बँका सहसा दोघांच्या संमतीशिवाय पैसे देत नाहीत.

आणि यापुढे घरात मोठी रक्कम देताना ती सांभाळायला दिली, उसनी दिली की कायमची दिली, हे एका ओळीत लिहून दोघांनी सही करावी. वाद झाला तर पहिला प्रश्न हाच विचारला जातो.