ताजेपणाचा टेंभा

माकुलात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळीची चित्रफीत या आठवड्यात पुन्हा मोबाइलवरून फिरली आणि निकालही नेहमीचाच लागला : शिळा माल, घाणेरडा बाजार. ताजेपणाच्या भक्तांशी या स्तंभाचे जुने भांडण आहे, तेव्हा पुन्हा सांगतो. अ‍ॅनिसाकिस हा कृमी मासळीबाजारात शिरत नाही, समुद्रातूनच येतो. देवमासा आणि डॉल्फिनच्या पोटात तो वयात येतो; अंडी पाण्यात पडतात, अळ्या बारीक कोळंबीसारख्या जिवांतून मासळीत आणि माकुलात जातात. अळी वळवळते आहे याचा अर्थ एवढाच, की माल गोठवलेला नाही. म्हणजे बहुधा ताजाच!

नेदरलँड्स आणि जपान शेजारी ठेवून पाहा. डच लोक हेरिंग कच्चाच खातात. तो खाऊन आजारी पडलेल्या तिथल्या रुग्णांतली ही अळी १९६० साली ओळखली गेली. १९६८ साली हेरिंग गोठवणे कायद्याने सक्तीचे झाले आणि आजार जवळपास संपला. हेरिंग खाणे काही संपले नाही. जपानकडे सुरीची कला आहे, स्वच्छता आहे, मासळी पारखणारी नजर आहे. तरीही २०१८ साली तिथल्या अन्नविषबाधेच्या नोंदींत अ‍ॅनिसाकिस पहिल्या क्रमांकावर गेला. जपानी सरकार सांगते, की व्हिनेगर, मीठ, सोया सॉस किंवा वसाबीने अळी मरत नाही. उणे २० अंशांवर २४ तास गोठवा. पण हा सल्ला आहे, सक्ती नाही. जपानी लोक कच्ची मासळी कितीतरी जास्त खातात आणि २०१३ पासून या घटनांची वेगळी मोजणी होते, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्याने सल्ल्याचा कायदा होत नाही.

गोठवल्याने चव जाते, असे खवय्ये म्हणतात. माकुलाचे मांस तर गोठवल्याने थोडे मऊच पडते. मेलेल्या अळीनेही काहींना अ‍ॅलर्जी होते, हे मात्र खरे. म्हणून आतडी लगेच काढायची, कारण मासळी मेल्यावर अळ्या तिथून मांसात सरकतात. कोकण-गोव्यात माकूल तळून किंवा रश्श्यात शिजवून खातात, आणि आतपर्यंत ६० अंशांचा चटका मिनिटभर बसला की अळीचा प्रश्न मिटतो. प्रश्न आहे तो सुशीच्या नव्या हौशीचा. घरचा फ्रीझर उणे २० गाठेलच याची खात्री नसते, त्यामुळे तो प्रयोग घरी नको. हॉटेलात कच्चे माकूल मागवाल, तर ‘ताजे आहे ना?’ विचारू नका. किती अंशांवर, किती तास गोठवले ते विचारा. उत्तर मिळाले नाही, तर तळलेले मागवा.