चौक काढणारे हात



नायगावच्या बाजारात गेलात तर एक नक्षी हल्ली जागोजागी दिसते. चहाच्या कपावर, साडीच्या पदरावर, पिशवीवर, शाळेच्या भिंतीवर, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले, वर गोल डोके ठेवले, काडीसारखे हातपाय काढले की झाला माणूस. अशी पंधरा-वीस माणसे हात धरून गोल नाचताना दिसतात आणि मधे एकजण लांब वाद्य फुंकतो. दुकानदाराला विचारले तर तो सांगतो, "ही वारली डिझाइन आहे."

पण वारली हे डिझाइनचे नाव नाही. वारली ही माणसे आहेत. डहाणू, तलासरी, जव्हार या डोंगरपट्ट्यात राहणारी ही आदिवासी जमात. पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. चित्रातले ते लांब वाद्य म्हणजे तारपा. भोपळा आणि बांबू यांपासून तो बनवतात. आज आपल्याला बोलायचे आहे ते या चित्रांमागच्या हातांविषयी. कारण कपावर चित्र आले, पण चित्र काढणारीचे नाव आले नाही.

होय, काढणारीचे. हे चित्र मुळात बायकांचे. वारल्यांच्या घरी लग्न निघाले की कुडाच्या भिंतीला शेणाने सारवतात, गेरूचा हात देतात. मग सवासिणी तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीचे टोक ठेचून, त्या काडीने भिंतीवर चौक काढतात. चौकात पालघाट देवी असते, भोवती झाडे, जनावरे, सूर्य, चंद्र. शेजारी पंचशिऱ्या देव. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि लग्न लावायलाही भटजी लागत नाही. गाणी म्हणत लग्न लावते ती धवलेरी, तीही बाईच. ज्या समाजाला पुस्तकी लोकांनी मागासलेला म्हटले, त्या समाजात लग्न लावण्याचा मान बाईच्या कंठाला आणि देव मांडण्याचा मान बाईच्या बोटांना होता. पुढारलेले म्हणवणाऱ्या किती घरांत हे घडते, ते ज्याने त्याने आपल्या मनाशी ताडून पाहावे.

आता या चौकाची दुसरी बाजू ऐका. ती कपावर छापलेली नसते.

लग्नाला पैसा लागतो. वारल्याची जमीन सावकार-जमीनदारांनी आधीच गिळलेली. मग तो त्यांच्याकडूनच कर्ज काढायचा, आणि ते फेडण्यासाठी नवराबायको दोघेही त्या मालकाच्या घरी राबायचे. फेड संपायची नाही. अशा माणसाला तिकडे लग्नगडी म्हणत. ज्या भिंतीवर लग्नाचा चौक उमटला, त्याच भिंतीआडच्या जोडप्याच्या गळ्यात दुसऱ्या दिवसापासून गुलामीचा दोर. शिवाय वेठ होतीच. वेठ या शब्दाचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. तो आपल्या आज्या-पणज्यांच्या पाठीवर लिहिलेला आहे.

१९४५ साली या माणसांनी मान वर केली. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले, त्याला वारली गेले. मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही, असे ठरवून उठले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच वारली मेले. पण लग्नगडीची प्रथा मोडली ती मोडलीच. गोदावरीबाईंनी हा सारा लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला. आपल्या वाचनालयात ते नसेल तर मागवून घ्यावे.

त्या लढ्याच्या वेळी तलासरी भागातल्या धामणगावात जन्मलेला एक मुलगा दहा-अकरा वर्षांचा होता. त्याचे नाव जिव्या सोमा मशे. सातेक वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि या मुलाचे बोलणेच बंद झाले. कुणी काही विचारले तर तो खाली बसायचा आणि धुळीत बोटाने चित्र काढून दाखवायचा. लोकांना वाटले, पोर मुके झाले. पण ज्या बोटांची भाषा त्याच्या जमातीतल्या बाया लग्नाच्या भिंतीवर बोलत होत्या, तीच या पोराने रोजच्या जगण्यासाठी उचलली.

पुढे हा मुलगा डहाणू तालुक्यातल्या गंजाडला, कळंबीपाड्यावर राहू लागला. पुरुषाने चित्र काढायची रीत नव्हती, तरी तो काढत राहिला. लग्न असो नसो, त्याचा हात थांबला नाही. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या पाड्यांवर येऊ लागले. बिहारात दुष्काळ पडला तेव्हा मधुबनीच्या बायकांना कागद देऊन त्यांच्या भिंतीवरची चित्रे कागदावर आणायला ज्यांना सरकारी हस्तकला मंडळाने पाठवले होते, तेच हे कुलकर्णी. त्यांनी वारल्यांपुढेही कागद आणि पांढरा रंग ठेवला. जिव्याबाबांचे काम पाहून त्यांनी ओळखले की हा हात निराळा आहे. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये शिल्पगुरू, २००९ मध्ये नेदरलँड्स देशाचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले. मुलगे सदाशिव आणि बाळू यांनी वडिलांचीच वाट धरली.

त्यांच्या चित्रात काय असे? लग्नाचा चौक तर होताच, पण तो सोडूनही सारे आयुष्य होते. भाताची लावणी, खळे, मासे धरायचे भले मोठे जाळे, मुंग्यांची वारुळे, तारप्याभोवती फिरणारा नाच, इतकेच काय आगगाडीसुद्धा. जाळ्याचे चित्र पाहिले तर बारीक रेघांनी कापड भरून गेलेले दिसते आणि जाळे वाऱ्यावर हलते आहे असा भास होतो. राजेराजवाडे नाहीत, कुणी मोठा, कुणी लहान नाही. गोल नाचात पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे सांगता येत नाही.

इथे थोडे लांब, आफ्रिकेत जाऊन येऊ. नायजेरिया देशाच्या नैऋत्य भागात योरुबा लोक राहतात. त्यांच्या बायका 'अदिरे' नावाचे कापड करतात. कसाव्हा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, त्याची खळ करायची, कोंबडीच्या पिसाने ती कापडावर रेखायची आणि कापड निळीत बुडवायचे. खळ लागली तिथे निळा रंग धरत नाही, नक्षी फिकी उमटते. प्रत्येक नक्षीला नाव आणि अर्थ. त्या समाजात १९५१ साली जन्मलेल्या निके ओकुंदाये यांची आईही लहानपणीच गेली. पणजीने वाढवले, पणजीनेच विणणे-रंगवणे शिकवले. पुढे या बाईंनी ओशोग्बो गावात शिक्षण केंद्र काढले आणि गरीब पोरापोरींना, विशेषतः बायकांना, एक पैसाही न घेता ही कला शिकवली. आज जगभर त्यांचे नाव आहे.

तिकडे कसाव्हाची खळ आणि कोंबडीचे पीस, इकडे तांदळाचे पीठ आणि बांबूची काडी. दोन्हीकडे घरात जे होते त्यातूनच कला झाली. दोन्हीकडे ती बायकांनी सांभाळली. फरक इतकाच की योरुबांची कला जगापुढे नेणाऱ्यांत एक बाई तिच्या नावानिशी उभी राहिली. वारल्यांची कला जगापुढे गेली तेव्हा पहिले नाव पुरुषाचे झाले. जिव्याबाबांचा यात काही दोष नाही. त्यांनी कुणाचे हिरावून घेतले नाही, उलट सगळ्या जमातीला वाट करून दिली. पण ज्या सवासिणींनी पिढ्यान्‌पिढ्या चौक काढले, त्यांतल्या एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. लग्न झाले, काही दिवसांत पीठ झडले, भिंत पुन्हा सारवली, चित्र गेले आणि चित्राबरोबर तीही गेली.

आता बाजाराकडे या. वारली चित्राला सरकारदरबारी भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे ही कला कुणाची आणि कुठली, हे कायद्याने मान्य झाले. त्यासाठी वारली तरुणांच्याच संघटनेने खटपट केली, ही अभिमानाची गोष्ट. तरीही कारखान्यात ठशाने छापलेल्या कपावर, चादरीवर ना गाव असते ना नाव. नुसते चित्र उचलायचे आणि माणूस मागे सोडायचा, हा या देशाचा जुना धंदा आहे. गाणे आवडते, गाणारा चालत नाही. चप्पल हवी, चांभार नको. घागर हवी, पण घडवणाऱ्याच्या हातचे पाणी नको. आपल्या लोकांनी हे भोगले आहे, म्हणून वारल्यांच्या बाबतीत तरी ते आपल्या हातून घडू नये.

मग साध्या माणसाने काय करावे? मायबहिणींनो, फार काही नाही. पुढच्या वेळी असे चित्र विकत घेताना खाली सही आहे का ते पाहा. हाताने काढलेले आणि वारली माणसाने काढलेले असेल तर दोन पैसे जास्त पडतील, पण ते ज्याचे त्याच्या घरात जातील. पोराला शाळेत वारली चित्र काढायला सांगितले तर त्याला नुसते त्रिकोण शिकवू नका. हे लोक कोण, तलवाड्याला कोण मेले, जिव्याबाबा कोण, हेही सांगा. लग्नगडीची प्रथा त्यांनी मोडली आणि चौक ठेवला. आपले कोणते ठेवायचे आणि कोणते मोडायचे, हे त्यांचे त्यांनी ठरवले. दुसऱ्या कुणाला ते ठरवू दिले नाही.

आणि एक काम घरातले. आपल्या नायगाव, बिलोलीकडच्या खेड्यांतही कुण्या आजीच्या हातात असे काही असतेच. कुणी भिंतीवर चुन्याने मोर काढते, कुणी जुन्या लुगड्यांची वाकळ अशी शिवते की टाके मोजत बसावे. आता सिमेंटच्या भिंती आल्या, दुकानची ब्लँकेटे आली. त्याचे दुःख नको, पोरांना पक्के घर मिळाले हे चांगलेच झाले. पण या सुट्टीत आजीला एक मोठा कागद द्या, खडू द्या, आणि तिला येते ते काढून घ्या. वाकळ असेल तर तिच्या कडेला दोऱ्याने अक्षरे घाला. आजीचे पूर्ण नाव, तिचे गाव आणि साल. तिला लिहिता येत नसेल तर नातीने लिहावे.

नात शिकली आहे ती याचसाठी.