दहा तारखेचा पगार

गेल्या महिन्यात, वयाच्या ७४ व्या वर्षी, मी 'फिल्म लाइन'मध्ये पहिली कमाई केली. हसू नका मंडळी, खरंच! रोख पाच हजार रुपये, पाकिटात घालून, वर एक रुपयाचं नाणं चिकटवून. पण त्या पाकिटाने माझी दोन रात्रींची झोप घालवली. तीच हकीकत सांगायची आहे आणि त्यावर माझं मतही. नातेवाइकांपैकी काहींना ते पटणार नाही, हे गृहीत धरलंय.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाची छोटीशी कंपनी आहे. लालबागला, जिथे पूर्वी गिरणीची गोदामं होती, तिथल्या एका गाळ्यात. स्वतः तो, एक एडिटर, प्रॉडक्शन सांभाळणारी एक मुलगी आणि चहापासून बँकेपर्यंत सगळं करणारा एक पोऱ्या. ते कॉर्पोरेट व्हिडिओ करतात. म्हणजे काय ते मलाही आधी कळत नव्हतं. सिनेमा नाही, मालिका नाही, जाहिरातसुद्धा नाही. कंपनीला पन्नास वर्षं झाली, करा फिल्म. कारखान्यात नवीन यंत्र आलं, करा फिल्म. ती कुठल्या थेटरात लागत नाही आणि शेवटी करणाऱ्यांची नावंही येत नाहीत.

मला बोलावलं होतं ते मराठी दुरुस्त करायला. एका कारखान्यातल्या कामगारांसाठी सुरक्षेची फिल्म होती. निवेदनाचं भाषांतर कुणीतरी केलं होतं: "कृपया आपले वैयक्तिक संरक्षण उपकरण परिधान केल्याचे सुनिश्चित करा." मी भाच्याला म्हटलं, अरे, हे वाक्य संपेपर्यंत माणसाच्या डोक्यात वीट पडेल! "हेल्मेट घाला, मगच आत या" असं लिही. दोन दिवस बसून सगळं साधं करून दिलं. भाचा खूश, त्याचा क्लायंटही खूश. लगेच पाकीट.

त्याच दिवशी गाळ्यातच थोडं शूटिंग होतं. दिवे लावणारा एक चाळिशीचा माणूस पुढे आला आणि वाकून म्हणाला, "बाई, ओळखलंत का?" नाव सांगितल्यावर ओळखलं. माझ्या सातवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा, शुद्धलेखन भयंकर, हस्ताक्षर मात्र मोत्यासारखं. लाइटमन झाला होता. खूप बरं वाटलं. चहा घेता घेता मी सहज विचारलं, "कसं काय, पैसे वेळेवर मिळतात ना रे?" मास्तरकीची सवय, दुसरं काय! तो क्षणभर थांबला. "मिळतील बाई. दादांचे वरून आले नाहीत अजून. तीन महिने झाले, पण दादा चांगले आहेत." मग जरा संकोचून, "मुलीच्या क्लासची फी होती म्हणून एकदा विचारलं होतं, एवढंच."

पर्समधलं पाकीट मला तेव्हा अचानक जड झालं. माझी पेन्शन दर महिन्याला बँकेत येते. मला हे पाच हजार आज नसते मिळाले तरी माझं काहीही अडलं नसतं. आणि तीन महिने खांद्यावरून दिवे वाहणारा माझाच विद्यार्थी थांबलेला!

संध्याकाळी भाच्याला गाठलं. तो चिडला नाही, त्याने माझ्यापुढे वहीच उघडली. एका फिल्मचे ठरले ४ लाख. ॲडव्हान्स शून्य, कारण मोठी कंपनी ॲडव्हान्स देत नाही. काम झाल्यावर अकरा वेळा बदल. शेवटच्या फाइलचं नाव 'फायनल', मग 'फायनल नवीन', मग 'खरंच फायनल'. त्यानंतर बिल, आणि बिलानंतर ९० दिवस. त्यातही साहेब बदलले की पुन्हा पहिल्यापासून. बिल दिलं की १८ टक्के जीएसटी मात्र पुढच्याच महिन्यात भरायचा, क्लायंटचे पैसे येवोत न येवोत. कॅमेऱ्याचं भाडं रोखीने. गाळ्याचं भाडं महिन्याच्या महिन्याला. "मग थांबायला कोण उरतं, मावशी? जो माझ्यावर ओरडत नाही तो. या धंद्यात असंच चालतं."

कधीपासून चालतं, असं मी त्याला विचारलं. कारण हा धंदा सुरू झाला तो आपल्याच गिरगाव-दादरच्या परिसरात. १९०१ च्या डिसेंबरमध्ये रँग्लर परांजपे विलायतेहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचं चित्रीकरण सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकरांनी केलं. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी भांडवल मिळवण्यासाठी आधी एक चिमुकली फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरून त्याचा वेल रोज थोडा थोडा टिपला. आजच्या भाषेत, क्लायंटला दाखवायचं सँपलच ते! पुढे त्यांनी तळेगावच्या काच कारखान्यावरही छोटी फिल्म केली. म्हणजे भाचेबुवांचे मूळपुरुषच की!

तर या फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके त्यांना सापडले. तिथे महिना १० रुपये पगार होता, फाळक्यांनी १५ देऊ केले, असं सांगतात. म्हणजे आपल्या सिनेमाची पहिली नायिका कलेच्या ओढीने नव्हे, पाच रुपये जास्त मिळतात म्हणून आली. यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. माणसाने कामावर यावं ते पगाराच्या भरवशावरच. त्या फिल्मसाठी सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले आणि सगळ्या कंपूचा स्वयंपाकही केला. माझ्या सूनबाईने, म्हणजे भाच्याच्या बायकोने, दागिने काढून द्यावेत असं मी मुळीच म्हणत नाही. पैसे क्लायंटनेच द्यायला हवेत. पण ते यायला उशीर झाला तर तो उशीर कुणाच्या अंगावर टाकायचा, हे ठरवणारा मालक असतो. तिथे त्याची परीक्षा असते.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आमच्या घरात दिवाळीपेक्षा दहा तारखेची वाट जास्त बघितली जायची. त्या दिवशी वाण्याची वही कोरी व्हायची आणि आई जरा मोठ्याने हसायची. ही दहा तारीख मालकाच्या मेहेरबानीची नव्हती. १९३६ च्या वेतन कायद्याने बांधून दिलं होतं की, हजाराहून कमी कामगार असतील तर महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत आणि त्याहून मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसाच्या आत पगार झालाच पाहिजे. १९८२ चा संप आला आणि वडील आधीच निवृत्त झाले असले तरी भावाची दहा तारीख गेली, ती गेलीच. आज त्याच आवारात काचेच्या इमारती आहेत, वातानुकूलित गाळे आहेत. नाही ती फक्त दहा तारीख. साचेवाल्याला जी होती, ती त्याच जागी दिवे लावणाऱ्याला नाही. याला प्रगती म्हणायचं का?

छोट्या उद्योगांसाठी कायदा आहे बरं का! २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी २०१७ मध्ये 'समाधान' नावाचं सरकारी पोर्टलही सुरू झालं. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितल्यावर भाचा हसला. "तक्रार करीन, पैसे मिळतीलही. पुढचं काम मिळेल का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण एक गोष्ट मी त्याला ऐकवली: "तू साहेबाला घाबरून गप्प बसतोस आणि तो लाइटमन तुला घाबरून गप्प बसतो. तुला त्याचं गप्प बसणं समजूतदारपणा वाटतं. साहेबालाही तुझं तसंच वाटत असेल!"

यावर तो गप्प झाला. मला वाईटही वाटलं. मुलगा वाईट नाही, कष्टाळू आहे.

माझं मत एवढंच आहे. ज्याच्यात थांबायची ताकद सगळ्यात कमी, त्याचे पैसे सगळ्यात आधी. मावशीचे शेवटी. आणि हे जमायचं असेल तर मराठी माणसाने पैशाचं आधी बोलायला शिकलं पाहिजे. निदान शिफ्टवाल्यांचे पैसे भागतील एवढा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढायचा नाही. बदल दोनदाच, तिसऱ्याला वेगळे पैसे. हे सगळं कागदावर, काम सुरू होण्याआधी. आपल्याला वाटतं, पैशाचं बोललो तर संबंध बिघडतील. अहो, न बोलून बिघडलेले संबंध मी आयुष्यभर पाहत आले आहे!

पाकीट मी परत केलं. भाच्याने ते निमूटपणे घेतलं, आणि चार दिवसांनी लाइटमनचे तिन्ही महिन्यांचे पैसे दिल्याचं त्याने मला कळवलं. पुढच्या दोन कोटेशनमध्ये त्याने ॲडव्हान्सची अट घातली. एका कंपनीने मान्य केली. दुसरीने काम दुसऱ्याला दिलं. चांगलं मोठं काम होतं. त्यानंतर दोन दिवस त्याने माझा फोन उचलला नाही आणि बहिणीनेही जरा तुटकच बोलून ठेवून दिला.

माझं चुकलं का? पेन्शन घेऊन दुसऱ्याच्या धंद्यात तत्त्वं शिकवणं सोपं असतं, हे मला कळतं. पण माझ्या वर्गातला मुलगा तीन महिने थांबला होता, हेही खरंच आहे ना? तुमच्यापैकी जे स्वतःचा धंदा करतात त्यांनी जरूर सांगा. बहीण वाचत असेल तर तिनेही. रविवारी मी घरीच आहे.